चालते ठेवा

धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या आईसाठी लिहून दिलेला कागद मी घरात मुद्दाम चुकीचा वाचून दाखवला होता. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या बहिणीला तो वाचून दाखवला तिला तर नाहीच. कागदावर ‘चालते ठेवा’ असं होतं, मी ‘चालू ठेवा’ असं वाचलं. त्यानंतर सव्वा वर्षानं आईचा खुबा मोडला. त्याचा दोष बहिणीनं आपल्या अंगावर घेतला, आणि मी तो तिला घेऊ दिला.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. आता पन्नाशीला आलो आहे, तेव्हा स्वभाव कुठे संपतो आणि भित्रेपणा कुठे सुरू होतो, एवढं मला कळतं.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोड सोडून आत दीड कोसावर. तेव्हा जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश बदलून नुकतंच धुळे झालं होतं, पण पाकिटांवर लोक जुनंच नाव लिहीत आणि पत्रं बिनबोभाट पोचत. गावाचं पोस्ट आमच्या ओटीवर होतं. एक लोखंडी पेटी, शिक्का, शाईची गादी आणि छोटा तराजू. दहाच्या मोटारीनं सोनगीरला थैली उतरे, ती मी सायकलवर आणी आणि दुपारपर्यंत वाटून मोकळा होई. घरात आम्ही चौघं होतो. माय, थोरली बहीण अक्का, माझी बायको आणि मी. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्नानंतर चौथ्या वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी आली ती कायमची. वडील गेल्यावर शेत तीच बघत असे. मला नांगर कधी नीट धरता आला नाही. तिनं त्यावरून मला कधी बोलही लावला नाही.

पत्र पोचवणं हे माझं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ते वाचून दाखवणं. गावात वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे बहुतेक पत्रं मीच फोडायचो आणि दारात उभा राहून वाचायचो. त्यात मला एक सवय लागली. व्याह्यानं ‘तुमची मुलगी आम्हाला नांदवायची नाही’ असं लिहिलं असलं, तर मी ‘मुलगी अंमळ हट्टी आहे, समजावून पाठवा’ असं वाचायचो. ऐकणारी म्हातारी डोळे पुसत म्हणायची, “तू वाचस तं बरं वाटस रे भाऊ.” मी हे दयेनं करतो असं मला वाटायचं. खरं म्हणजे समोरच्याचं रडणं बघायला नको म्हणून करायचो. पण करता करता हात बसला. कागदावर एक आणि तोंडात दुसरं असताना चेहरा हलू न देणं मला जमायला लागलं.

माय पासष्टीची असेल. न्हाणीच्या दगडावर शेवाळ धरलं होतं, त्यावरून तिचा पाय सरकला. पडताना तिनं उजवा हात टेकला आणि मनगट पळीसारखं वाकलं. शेजारगावच्या हाडवैद्यानं ओढून कामट्या बांधल्या. तीन दिवसांनी बोटं काळीनिळी पडली, तेव्हा तिला धुळ्याला नेलं. तिथे प्लास्टर झालं. सहा आठवड्यांनी ते कापलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि मनगटाचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

“मनगट जुळलंय,” ते म्हणाले. “थोडं वाकडं राहील, पण कामाला येईल. मला दाखवायचंय ते दुसरंच. हे हाड बघा. कडेची रेघ दिसते, आतला भर दिसतो का?”

मला काहीच दिसत नव्हतं. मी हो म्हणालो.

“तुमच्याकडे कपाशी असते ना? वर्षभर कुंपणाला पडून राहिलेली पऱ्हाटी वरून जाडजूड दिसते, हातात घेतली की कट्कन मोडते. यांची सगळी हाडं तशी झालीत. म्हातारपणी होतात, बायकांची जास्त. न्हाणीत पडल्यावर तरण्या बाईचं मनगट मोडलं नसतं. तेव्हा हे पहिलं मोडणं म्हणजे निरोप आलाय असं समजा. दुसरं मोडेल ते खुब्याचं. या वयात खुबा मोडलेलं माणूस माझ्या हातून फारसं उठलेलं नाही.”

मग काय करायचं, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. रोज दूध. चुन्याच्या गोळ्या, त्या ते देणार होते. न्हाणीचा दगड घासून काढायचा आणि धरायला भिंतीत एक खुंटा ठोकायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चालणं. सकाळी कोवळ्या उन्हात, कुणीतरी हात धरून, रोज.

“बसवून ठेवाल तर हाड आणखी विरेल आणि पायातला जोर जाईल. लोकांना वाटतं चालणारं माणूस पडतं. तसं नसतं. बसून राहिलेलं माणूस ज्या दिवशी उठतं, त्या दिवशी पडतं.”

मी म्हटलं, “घरी माझ्या सांगण्यावर विश्वास बसणार नाही, लिहून द्या.” त्यांनी चिठ्ठीवर निळ्या शाईनं मराठीत चार ओळी लिहिल्या. ‘दूध. गोळ्या रोज दोन. न्हाणी घासणे. चालते ठेवा, हात धरून.’ अक्षर फरफटलेलं होतं, पण लागत होतं. पत्ते वाचायची सवय असलेल्याला तर सहज.

घरी आल्यावर मी ते बरोबर वाचलं, हेही सांगायला हवं. अक्का दुसऱ्याच दिवशी विटकर घेऊन न्हाणी घासायला बसली. खुंटा मी ठोकला. चालवायचं कुणी, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्का पहाटेच शेतात जाई, बायकोला सातवा महिना होता आणि दहापर्यंत मला काम नसे. मी आठ दिवस मायला चालवलं. आमच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि परत. तिचा डावा हात माझ्या हातात. ती हळू चाले, दर घरापुढे थांबे, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या लुगड्याचा काठ नवा आहे, सगळं विचारी. सहा आठवडे कोंडलेली बाई होती ती.

पारावर सकाळी पाचसहा जण बसलेले असत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांतला एक ओरडला, “काय पोस्टमास्तर, सकायमा कोनी डाक वाटी ऱ्हायनात?”

दुसरा म्हणाला, “रजिस्टर शे का साधी?”

“रजिस्टर कसानी! नाटपेड शे. बठ्ठा गाव फिरना, कोनी लिन्ही नही, म्हनीसन परत घर लई चालना!”

पार हसला. ज्या पत्राला तिकीट नाही आणि घेणारा दंड भरायला तयार नाही, ते पत्र परत फिरतं, हे मीच त्यांना कधीतरी समजावून सांगितलं होतं. मायही हसली. तिनं धुळ्याला जुळवून आणलेलं वाकडं मनगट वर केलं आणि म्हणाली, “साधी कसाले? दखा, धुयाना शिक्का शे!”

पार आणखी मोठ्यानं हसला, तो तिच्या बाजूनं. तिला काहीच लागलं नव्हतं. लागलं होतं मला. चौतिशीच्या, खात्याच्या बिल्ल्यावाल्या पुरुषानं आईचा हात धरून गल्लीतून रांगत्या पोरासारखं फिरायचं, हे मला आत कुठेतरी सहन होत नव्हतं. पुढचे चार दिवस मी तिला घाईघाईनं चालवलं, पारापर्यंत न जाता मधूनच वळवलं. आठव्या दिवशी तिचा पाय गाडीच्या चाकोरीत अडकला आणि ती माझ्यावर झुकली. मी धरली. काही झालं नाही, केसभरही दुखलं नाही तिला. पण पारावरून कुणीतरी म्हणालं, “दखा बरं, पार्सल फुटी जाई!” आणि मी तिला तिथूनच माघारी फिरवलं.

घरी आलो. अक्का त्या दिवशी शेतात गेली नव्हती. चुलीपुढे बसून कळण्याचं पीठ मळत होती. मी देवळीतून कागद काढला आणि दारात उभा राहून म्हणालो, “अक्का, हाऊ कागद मी नीट वाचाच नही व्हता.”

“मंग?”

“डॉक्टरनं अक्षर कसं शे, दख ना. ‘चालते’ नही, ‘चालू’ शे. आराम चालू ठेवा. चालाडानं नही.”

असं काही बोलायचं मी वाटेत ठरवलं नव्हतं. ते आपसूक आलं, दुसऱ्यांची पत्रं वाचताना येत असे तसं. अक्कानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, सुटका होती.

“मी तं पहिलेच सांगेल व्हतं! मोडेल मानूसले कोनी गावभर फिराडस का? शिकेल डॉक्टर अशे लिखीच कसा? कोठे शे ते, माले दखाड.”

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. तिनंही ठेवलं. कागदावर पिठाचा ठसा उमटला. तिला अक्षरओळख नव्हती; डॉक्टरनं जिथे लिहिलंय तिथे हात लावावा एवढंच तिला हवं होतं.

माझा बेत एवढाच होता की महिनाभर जाऊ द्यावा, पारावरचे लोक विसरतील, मग पुन्हा सुरू करू. पण अक्का कुठलीही गोष्ट अर्धी करणारी बाई नव्हती. तिनं खाट ओटीलगतच्या खोलीत, दाराशी, उजेडात घातली. मायला ताट खाटेवर, तांब्या खाटेवर, तेल लावणं खाटेवर. न्हाणीत न्यायचं तर अक्का तिला सरळ पाठीवर घेई. दूध ती स्वतः उकळून देई, गोळ्या मोजून देई. डॉक्टरांच्या कागदातली बाकी प्रत्येक गोष्ट तिनं पाळली. मायला एकटं सोडायचं नाही म्हणून शेत वाट्यानं दिलं. चोपड्याला तिच्या सासरच्या भाचीचं लग्न होतं, तिथूनच काय ते तिला मानानं बोलावणं येई. तिथेही गेली नाही.

माय पहिले दोन महिने भांडली. “खाटले चार पाय, माले दोन. सहा पायवर बशेल शे, पन कोठेच जात नही,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. अक्का दटावायची, “डॉक्टरनी लिखेल शे, माय. पाय खाले ठेवना नही.” मग भांडण कमी झालं. पावसाळ्यात तिच्या पोटऱ्या लोंबायला लागल्या. दिवाळीला अक्कानं तिला उटणं लावलं तेव्हा मी पाहिलं. मांडीवर नुसती कातडी होती, हलवली तर हलायची. माझ्या मनात आलं, आज सांगावं. म्हणावं, पुन्हा वाचलं, चुकलं होतं. पण एकदा चुकलं म्हणून सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा तेच कोणत्या तोंडानं सांगू? आणि खरं सांगतो, त्या सगळ्यात मला सोय होती. मुलगा झाला होता, घर शांत होतं, माय जागेवर होती, आणि गल्लीतून मी एकटा सायकलवर जात होतो.

पुढच्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते घडलं. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि दिवसभर गाणी चालतात. आमच्या घरापुढच्या चौकातच मोठा निंब होता. दुपारी बाराचा सुमार असेल. बायको मुलाला निजवत आत होती. अक्का मांडे करायला शेजारणीकडून मोठं खापर आणायला गेली होती. मी दारात पाटावर बसलो होतो. सुट्टी होती, काही करत नव्हतो.

मायनं पाय खाटेखाली सोडले. “भाऊ, जरासा हात दे रे,” ती म्हणाली. “झोका दखी येस.”

बाहेर चौक माणसांनी भरला होता. पारावरचे सगळे तिथे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “अक्काले येऊ दे, माय.”

ती थांबली नाही. मी वळून पाहिलं तेव्हा उभी होती. उभी राहिली याचा तिला आनंद झालेला दिसला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि डावा पाय तिच्याखालून निघून गेला. तिथे शेवाळ नव्हतं, पाणी नव्हतं, उंबराही अजून लांब होता. कोरड्या सारवलेल्या जमिनीवर ती पडली. माझ्यापासून चार हातांवर.

उजव्या हाताला खापर आणि तोंडावर घाम अशी अक्का दारात आली. खापर तिच्या हातून सुटलं. तिनं मला एकच विचारलं, “कशी उठनी ती?” मी म्हणालो, “एकदम उठनी.”

मायला खाटेसकट बैलगाडीत घालून हमरस्त्यावर आणलं. मिरच्यांची पोती घेऊन धुळ्याला जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला घेतलं. माय वाटभर शिंकत होती आणि प्रत्येक शिंकेला किंचाळत होती. दवाखान्यात तेच डॉक्टर. त्यांनी पाय पाहिला. तो दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता आणि बाहेर वळला होता. फोटो काढायच्या आधीच त्यांना कळलं असावं.

“चालवत होतात ना रोज?” त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आत अक्का बोलली. तिच्या आवाजात अभिमान होता. “एक पाऊल बी टाकू दिन्हं नही, साहेब! तुमी लिखेल व्हतं तशेच करं. पाठवर लई फिरनी मी तिले.”

डॉक्टर तिच्याकडे वळले. “मी लिहिलं होतं? बसवून ठेवा असं मी लिहीन? अहो बाई, बसवून बसवून तुम्ही हिची हाडं संपवलीत! वर्षभर चालली असती तर आज पडली नसती, पडली तरी सावरली असती.” मग माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही तर वाचणारे ना? तुम्ही कुठे होतात?”

मी म्हणालो, “मी पोस्टात असतो.”

“कागद कुठे आहे तो?”

“घरी राहिला.”

घरी राहिला नव्हता. निघताना मी तो देवळीतून काढून सदऱ्याच्या खिशात घातला होता, कुणाच्या हाती पडू नये म्हणून. डॉक्टर आत गेल्यावर मी दवाखान्याच्या मोरीवर गेलो, तो बारीक फाडला आणि दोन लोटे पाणी ओतलं.

इथवरचं एक वेळ माणूस माफ करील. यापुढचं नाही.

अक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी आलो तशी म्हणाली, “भाऊ, तू तं ‘चालू’ वाचं व्हतं ना? आराम चालू?”

तिच्या आवाजात आरोप नव्हता. आपण काय ऐकलं होतं ते ती आठवत होती. त्या क्षणी ‘हो, अक्का’ एवढे दोनच शब्द पुरे होते. मी म्हणालो, “मी ‘चालते’च वाचं व्हतं, अक्का. आठ दिन चालाडं बी, बठ्ठा गाव साक्षी शे. तूच सांगं व्हतं, मोडेल मानूसले फिराडू नका.”

यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं होतं. मी ‘चालते’ वाचलं होतं, पहिल्यांदा. आठ दिवस चालवलंही होतं. ती तसं बोललीही होती. अक्का मान हलवून म्हणाली, “हा. मीच सांगं व्हतं.”

मायच्या पायाला वजन बांधून तिला दीड महिना उताणी ठेवली. पाठीला जखमा झाल्या. घरी आणली तेव्हा ती माणसं ओळखत होती, पण बोलायचा कंटाळा करी. पोळ्याच्या आधी छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत गेली. दहाव्याला नदीवर अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, “मीच बसाडी बसाडी मारी मनी माय.” बायांनी तिला गप्प केलं. तिनं मायच्या नावानं दूध सोडलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी सोडायची पद्धत आहे, बहुतेक जण वर्षभर एखादी भाजी सोडतात. अक्कानं दूध सोडलं, कारण मायला ती रोज दूध देत असे. वर्षभरासाठी नाही, कायमचं.

पुढे मी खात्याची परीक्षा दिली आणि जळगावला आलो. अक्काला एकटं कसं ठेवायचं म्हणून बरोबर आणलं. लोक म्हणतात, बहिणीला सांभाळणारा भाऊ असावा तर असा. मी ऐकून घेतो. तेव्हापासून ती आमच्या दोन खोल्यांत राहतेय. माझ्या मुलांना तिनं वाढवलं. चहा कोरा पिते. दही नाही, ताक नाही, सणाची खीर नाही. मुलं तिला चिडवतात, “आत्याबाई, तुमच्या वाटची बासुंदी आम्ही संपवली,” आणि ती हसते.

या उन्हाळ्यात नळावर बादली उचलताना ती घसरली. तिनं हात टेकला. उजवं मनगट पळीसारखं वाकलं.

इथले डॉक्टर तरुण आहेत. प्लास्टर काढल्यावर त्यांनी फोटो खिडकीपाशी धरला. या खेपेला मला दिसलं. कडेची रेघ होती, आतला भर नव्हता. त्यांनी सांगितलं तेही जवळपास शब्दाला शब्द तेच होतं. दूध, गोळ्या, ऊन, चालणं, आणि पुढचं मोडेल ते खुब्याचं.

“दूध सोडेल शे, डॉक्टरसाहेब,” अक्का म्हणाली.

“बरं, दही?”

“दही काय झाडले लागस का?”

डॉक्टर हसले. “कधीपासून सोडलंय?”

“माय गयी तवपाईन. पंधरा वरीस झायात.”

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पंधरा वर्षं दूध नाही आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

मी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

तेव्हापासून ती दारातल्या खाटेवर बसून असते. गोळ्या उशीखाली ठेवते, खात नाही. बायकोला परवा मूठभर सापडल्या. चल म्हटलं तर म्हणते, “आते चालीसन कोठे जावानं शे?” मी हात पुढे केला. आता मला कुणाची लाज नाही, जळगावात मला ओळखतं कोण? तिनं हात घेतला नाही. म्हणाली, “मायले मी बसाडं, आते मी बसस. तिले जे झायं ते माले व्हवू दे. बराबर व्हई जाई.”

मागच्या रविवारी घरात आम्ही दोघंच होतो. मी तिच्या खाटेशी खाली बसलो आणि म्हणालो, “अक्का, धुयाना तो कागद…”

तिनं प्लास्टरातून सुटलेला बारीक हात माझ्या डोक्यावर ठेवला. “ऱ्हाऊ दे, भाऊ. तू बराबर वाचं व्हतं. मनाच ध्यानमा उलटं बसनं. माले वाचता येतं तं माय अशी जाती नही.”

मी उठलो आणि पाणी प्यायला आत गेलो.

सांगितलं तर ती दूध घेईल, चालेल, अशी मला खात्री नाही. पंधरा वर्षं जे खरं मानून माणूस जगलं ते एका वाक्यानं निघत नसेल. त्यातून तिला या जगात भाऊ म्हणून मी एकच आहे. हे ऐकल्यावर तोही उरणार नाही. न सांगण्यासाठी मी ही कारणं स्वतःला देत असतो आणि ती दोन्ही खोटी नाहीत. पण ती रोज बसते आहे, तिच्या पोटऱ्या लोंबायला लागल्या आहेत, आणि एक दिवस ती कशासाठी तरी उठेल.

मायला अक्कानं मारलं नाही. कागद मी खोटा वाचला आणि नंतर तो खोटेपणा तिच्या माथी मारला. हे तिला, तिच्या तोंडावर, ती पडायच्या आत सांगणं मी तिला देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.